मुलांचे टॉन्सिल-ॲडिनॉइड काढल्यावर अंगातला दाह उतरतो का? (घोरणं, सीआरपी, एएसओ, दमा, ठरावीक दिवसांनी येणारा ताप)

केवडा, डिचोली

पाऊस लागला की गोव्यातल्या बालरोग ओपीडीत एकच तक्रार फिरते. मूल तोंड उघडं टाकून झोपतं, घोरतं, महिन्याआड घसा धरतो, रक्तात सीआरपी (दाह असला की वाढणारं प्रथिन) नाहीतर एएसओ (स्ट्रेप्टोकोकस जंतूविरुद्धचं प्रतिपिंड) वाढलेला येतो. मग पालक विचारतात, टॉन्सिल काढून टाकले की अंगातली सूज जाईल का?

माझ्या मते या एका प्रश्नात चार प्रश्न गुंतले आहेत. घशातल्या जंतुसंसर्गाचा दाह, रात्री श्वास अडल्यामुळे रक्तात उमटणारा दाह, ॲलर्जीचा दाह आणि वजन जास्त असल्यामुळे होणारा दाह. शस्त्रक्रिया यातल्या कशावर चालते आणि कशावर नाही, हे सुटं करून हवं आहे. इथे कान-नाक-घसा, बालरोग, भूल, लॅब अशा सगळ्या बाजूंचे जाणकार आहेत. ऐकीव माहिती नको. मात्रा, मुदती आणि कुठे बिघडतं ते लिहा.

श्वासमार्ग, फोंडा (कान-नाक-घसा)

श्वास अडणाऱ्या मुलांपासून सुरुवात करतो, कारण 'शस्त्रक्रियेने दाह कमी होतो' हे विधान मुळात त्यांच्याबद्दल केलं गेलं.

ॲडिनॉइड नाकाच्या मागे, टाळूच्या वर असतात. तोंड उघडून ते दिसत नाहीत. साधारण तीन ते सात या वयात ते जागेच्या मानाने सर्वांत मोठे असतात. पुढे घसा वाढतो, ते आक्रसतात. झोपेत घशाचे स्नायू सैल पडले की मागून ॲडिनॉइड आणि दोन्ही बाजूंनी टॉन्सिल मिळून वाट बंद करतात. ऑक्सिजन खाली जातो, मेंदू क्षणभर जागा होतो, श्वास सुटतो, पुन्हा तेच. ऑक्सिजनच्या या चढउतारामुळे पेशींमधली एनएफ-कप्पा-बी ही कळ दाबली जाते. तिच्यामागून टीएनएफ-अल्फा आणि इंटरल्यूकिन-६ हे दाहाचा निरोप देणारे रेणू वाढतात, आणि इंटरल्यूकिन-६ च्या सांगण्यावरून यकृत सीआरपी बनवतं.

अमेरिकेत लुइव्हिलला डेव्हिड गोझल यांच्या गटाने २००० नंतरच्या दशकात हे मुलांच्या रक्तात मोजून दाखवलं. श्वास अडणाऱ्या मुलांत सीआरपी आणि इंटरल्यूकिन-६ जास्त, दाह शमवणारं इंटरल्यूकिन-१० कमी. शस्त्रक्रियेनंतर हे चित्र बऱ्याच अंशी उलटलं. 'टॉन्सिल काढल्यावर दाह उतरतो' हे वाक्य तिथून पसरलं. ते खोटं नाही, पण पुरतंही नाही.

बाळगुटी, म्हापसा (बालरोग)

पुरतं का नाही ते सांगते. ते अभ्यास बहुतेक लहान होते आणि त्यात शस्त्रक्रियेआधीचं रक्त नंतरच्या रक्ताशी ताडलं होतं. शस्त्रक्रिया न केलेल्या मुलांचा आकडा तेवढ्याच काळात आपोआप किती उतरला असता, हे त्यातून कळत नाही.

ते कळण्यासाठी मोठी यादृच्छिक (चिठ्ठी टाकल्यासारखे गट पाडलेली) चाचणी लागते. ती २०१३ मध्ये न्यू इंग्लंड जर्नलमध्ये आली, चॅट नावाने ओळखली जाते. पाच ते नऊ वर्षांची ४६४ मुलं. अर्ध्यांची लवकर शस्त्रक्रिया, अर्ध्यांवर सात महिने नजर. झोपेची तपासणी शस्त्रक्रिया गटात ७९ टक्के मुलांत सुधारून सामान्य झाली, नुसत्या देखरेखीच्या गटात ४६ टक्क्यांत. वागणूक, दिवसाची झोप, एकंदर जगणं यात शस्त्रक्रिया गट ठळकपणे सरस. लक्ष आणि कार्यनियोजनाच्या प्रमाणित चाचणीत मात्र फरक नाही.

याच मुलांचा सीआरपी, चरबी, इन्सुलिन, रक्तदाब पाहिले, तेव्हा दोन्ही गटांत नाव घेण्यासारखा फरक निघाला नाही. ही मुलं प्रामुख्याने सौम्य ते मध्यम त्रासाची होती, ऑक्सिजन फार खाली जाणारी मुलं चाचणीत घेतलीच नव्हती. म्हणून माझा निष्कर्ष असा: ज्या मुलाचा ऑक्सिजन रात्री खरोखर खाली जातो, त्याच्या रक्तातला दाह उतरण्याची अपेक्षा रास्त आहे. सौम्य घोरणाऱ्या मुलात मुळात उतरण्यासारखं रक्तात फारसं काही नसतं. तिथे शस्त्रक्रियेचं समर्थन झोप आणि वागणूक यांच्यावर करावं, सीआरपीवर नाही.

रानभेंडी, वाळपई

म्हणजे सीआरपी वाढला म्हणून शस्त्रक्रिया हे चुकीचं?

सूक्ष्मदर्शी, मडगाव (लॅब)

हो, त्या एका आकड्यावरून चुकीचं. आणि तो आकडा मुळात कसा वाचायचा यातच निम्मा घोळ असतो.

एकक पाहा. काही अहवाल मिलिग्रॅम प्रति लिटरमध्ये येतात, काही प्रति डेसिलिटरमध्ये. ०.८ आणि ८ हा एकच सीआरपी असू शकतो. दोन लॅबचे कागद शेजारी ठेवून 'दहापट वाढला' असं ठरवणारे पालक असतात.

दुसरं, साधा सीआरपी आणि हाय-सेन्सिटिव्हिटी सीआरपी या वेगळ्या तपासण्या आहेत. श्वास अडण्याचा दाह अगदी मंद असतो, एक-दोन किंवा तीन-चार मिलिग्रॅम प्रति लिटरच्या घरातला. साध्या तपासणीत तो '५ पेक्षा कमी' एवढाच दिसेल. उलट साध्या तपासणीत २० किंवा ४० आलं तर ते घोरण्यामुळे नाही. मुलाला कसला तरी संसर्ग चालू आहे, तो शोधा.

तिसरं, वेळ. सीआरपीचं अर्धायुष्य सुमारे १९ तास असतं, म्हणजे कारण थांबलं की तो भराभर उतरतो आणि साध्या सर्दीनेही वर जातो. दाहाची पायाभूत पातळी हवी असेल तर मूल निदान दोन आठवडे सर्दी-ताप-लसीपासून मोकळं हवं. शस्त्रक्रियेनंतर तो वाढणारच, कारण घशात जखम आहे. दोन-तीन दिवसांत शिखर गाठतो. पहिल्या महिन्यात काढलेल्या सीआरपीवरून शस्त्रक्रिया लागू पडली की नाही ते कळत नाही. बघायचाच तर तीन महिन्यांनी, त्याच लॅबमध्ये, त्याच पद्धतीने. शस्त्रक्रियेत डेक्सामेथासोन दिलेलं असतं, त्यामुळे एक-दोन दिवस पांढऱ्या पेशी वाढलेल्या दिसतात. केवळ त्या आकड्यावर अँटिबायोटिक सुरू करू नये.

कातळफूल, पेडणे

एएसओ ४०० आला की टॉन्सिल काढावे लागतात असं आमच्या भागात सर्रास बोललं जातं. त्याबद्दलही लिहा.

सूक्ष्मदर्शी, मडगाव

एएसओ ही प्रतिपिंडाची तपासणी आहे. स्ट्रेप्टोकोकस जंतूशी शरीराची कधीतरी गाठ पडली, एवढंच ती सांगते. संसर्गानंतर आठवड्याभराने चढू लागते, तीन ते सहा आठवड्यांत शिखर, मग कित्येक महिने रेंगाळते. अहवालावर छापलेली २०० ची मर्यादा शाळकरी मुलांना नीट लागू पडत नाही. त्या वयात धडधाकट मुलातही तिच्या वरचे आकडे येतात. म्हणून नुसत्या त्या आकड्यावर टॉन्सिल काढायचं ठरत नाही. एएसओ दर महिन्याला काढत राहणं तर निव्वळ खर्च.

बाळगुटी, म्हापसा

आणि स्ट्रेप्टोकोकसच्या घशानंतर येऊ शकणाऱ्या संधिवाती तापाची भीती असेल तर त्याची वाट वेगळी आहे. स्ट्रेप्टोकोकसचा घसा सिद्ध झाला तर अमॉक्सिसिलिन दिवसाला ५० मिलिग्रॅम प्रति किलो, पूर्ण १० दिवस. ताप दुसऱ्या दिवशी गेला म्हणून बाटली कपाटात ठेवणं हीच खरी चूक. संधिवाती ताप एकदा होऊन गेला असेल तर ठरावीक अंतराने पेनिसिलिनचं इंजेक्शन चालू राहतं. टॉन्सिल काढले म्हणून ते बंद होत नाही.

वारंवार घसा येण्यासाठी शस्त्रक्रियेचा निकष बराच कडक आहे. मागच्या एका वर्षात सात वेळा, किंवा सलग दोन वर्षं दरवर्षी पाच, किंवा सलग तीन वर्षं दरवर्षी तीन. आणि 'वेळ' कशाला म्हणायचं? घसा दुखण्यासोबत यातलं निदान एक हवं: ३८.३ अंश सेल्सियसच्या वर ताप, मानेत दुखऱ्या गाठी, टॉन्सिलवर पू, किंवा स्ट्रेप्टोकोकसची तपासणी सकारात्मक. नाक वाहतंय, खोकला आहे, घसा लाल आहे, हे विषाणूचं दुखणं. ते यात मोजायचं नाही. चतुर्थीत घर पाहुण्यांनी भरलं की घरातल्या सगळ्याच मुलांचे घसे लाल होतात. वहीत तारीख, ताप किती, पू होता का, औषध कोणतं, एवढं लिहून ठेवलंत तर डॉक्टरांचं अर्धं काम होतं.

श्वासमार्ग, फोंडा

वहीसोबत मोबाइलवरचं चित्रण. मूल झोपल्या झोपल्या काढू नका, पहाटे तीन ते पाचच्या दरम्यान काढा. स्वप्नांची झोप रात्रीच्या उत्तरार्धात जास्त असते आणि श्वास तेव्हाच अधिक अडतो. अंगातला सदरा वर करा, छाती आणि तोंड दोन्ही दिसू द्या, पंखा थोडा वेळ बंद ठेवा म्हणजे आवाज येईल. सलग पाच मिनिटं पुरतात. पोट वर जाताना छाती आत ओढली जाते का, आवाज थांबून मग दचकून श्वास येतो का, मान मागे टाकून झोपतं का, हे पाहायचं असतं.

संपूर्ण झोपेची तपासणी सगळ्यांना लागत नाही. दोन वर्षांखालचं मूल, लठ्ठपणा, डाऊन सिंड्रोम, चेहऱ्याच्या हाडांचा दोष, स्नायूंचा आजार, सिकलसेल यांत ती आधी करून घ्यावी. लगेच जमत नसेल तर रात्रभराची पल्स ऑक्सिमीटर नोंद काढतात. मात्र नोंद साठवणारं यंत्र हवं, बोटाला लावून दोन मिनिटं बघायचं साधं नव्हे. ऑक्सिजन ९० च्या खाली वारंवार आणि झुबक्यांनी जात असेल तर निदान जवळपास पक्कं. नोंद चांगली आली तर मात्र आजार नाही असं धरता येत नाही. तक्रारी असतील तर पुढे जावं लागतं.

रानभेंडी, वाळपई

शस्त्रक्रियेआधी नाकातला फवारा देऊन पाहतात, त्याने ॲडिनॉइडची सूज उतरते का?

बाळगुटी, म्हापसा

सौम्य त्रासात हीच पहिली पायरी असावी असं मला ठामपणे वाटतं. आधी मिठाचं पाणी. २०२३ मध्ये मेलबर्नहून आलेल्या चाचणीत घोरणाऱ्या २७६ मुलांना सहा आठवडे नाकात एकतर स्टिरॉइड फवारा दिला, नाहीतर नुसतं सलाइन. त्रास मिटला स्टिरॉइड गटात ४४ टक्के मुलांचा, सलाइन गटात ४१ टक्के. म्हणजे जवळजवळ सारखाच. सहा आठवड्यांचं सलाइन स्वस्त आहे, निर्धोक आहे, आणि त्याने बऱ्याच जणांचा शस्त्रक्रियेचा विषयच मिटू शकतो.

ॲलर्जी ठळक असेल तर मोमेटासोन, प्रत्येक नाकपुडीत ५० मायक्रोग्रॅमचा एक फवारा, दिवसातून एकदा, सहा ते बारा आठवडे. उजव्या नाकपुडीत डाव्या हाताने आणि डाव्या नाकपुडीत उजव्या हाताने मारा, नोझलचं टोक बाहेरच्या बाजूला, डोळ्याच्या कोपऱ्याच्या रोखाने. मधल्या पडद्यावर मारलं की चार दिवसांत नाकातून रक्त येतं आणि पालक औषध बंद करतात. मारल्यावर जोरात ओढायचं नाही, औषध नाकात राहण्याऐवजी घशात जातं.

माँटेलुकास्टबद्दल सावध राहा. २०२० मध्ये अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेने त्यावर सर्वांत कडक इशारा घातला: चिडचिड, भयाण स्वप्नं, उदासपणा. असं काही दिसलं तर थांबवून डॉक्टरांना कळवा. 'सर्दीची गोळी' म्हणून महिनोन् महिने चालू ठेवायचं हे औषध नाही.

श्वासमार्ग, फोंडा

सलाइनशी सहमत. पण एक भर घालतो. ज्या मुलाचा श्वास चित्रणात दहा-दहा सेकंद थांबतोय, किंवा ज्याचं वजन वाढत नाही, त्याला सहा आठवडे फवाऱ्यावर बसवून ठेवू नका. वाट पाहणं हे सौम्य त्रासापुरतं.

आणि आपल्या हवेत ॲलर्जी वगळून चालत नाही. जून ते सप्टेंबर घरात ओल असते, भिंतीला बुरशी, काथ्याच्या आणि कापसाच्या गाद्यांत धुळीतले सूक्ष्म कीटक. ते नाकातला दाह जिवंत ठेवतात. अशा मुलाचे ॲडिनॉइड काढले तरी नाक चोंदलेलंच राहू शकतं, आणि फार लहान वयात काढले तर पुन्हा वाढूही शकतात. उशीचे अभ्रे, चादरी आठवड्याला ६० अंश सेल्सियसच्या पाण्यात धुवा. मऊ खेळणी बिछान्यात नकोत. बुरशी मुलासमोर कोरडी घासू नका.

कातळफूल, पेडणे

दमा असलेल्या मुलाचं काय?

बाळगुटी, म्हापसा

दम्यात चित्र आशादायक आहे. २०१४ मध्ये अमेरिकी विमा नोंदींवरचा मोठा अभ्यास निघाला, शस्त्रक्रिया झालेली तेरा हजारांवर दमेकरी मुलं. शस्त्रक्रियेनंतरच्या वर्षात तीव्र झटके आधीच्या वर्षापेक्षा सुमारे ३० टक्क्यांनी कमी झाले. शस्त्रक्रिया न झालेल्या दमेकरी मुलांत अशी घट दिसली नाही. हा नोंदींचा अभ्यास आहे, यादृच्छिक चाचणी नव्हे, म्हणून दम्यासाठी म्हणून टॉन्सिल काढत नाहीत. पण दमा आणि श्वास अडणं दोन्ही असेल तर माझा कौल शस्त्रक्रियेकडे झुकतो. इनहेलर शस्त्रक्रियेच्या दिवसापर्यंत चालू ठेवायचा, सकाळचा डोसही चुकवायचा नाही, आणि नंतरही स्वतःहून बंद करायचा नाही.

लठ्ठ मुलाबद्दल मात्र पालकांना आधीच स्पष्ट सांगा. त्याच्या रक्तातला दाह बराचसा चरबीतून येतो, तो घशातून काढता येत नाही. २०१० मध्ये आठ केंद्रांच्या ५७८ मुलांचा एकत्रित अभ्यास झाला, त्यात जवळपास निम्मी लठ्ठ होती. शस्त्रक्रियेनंतर श्वास अडणं पूर्ण सामान्य झालं फक्त २७ टक्के मुलांत. शिवाय खाणं सुधारतं, वजन आणखी वाढतं. चॅटमध्येही ते दिसलं. कृश मुलाला ते वरदान, लठ्ठ मुलाला अडचण. तीन महिन्यांनी वजन आणि घोरणं पुन्हा तपासा.

केवडा, डिचोली

ठरावीक दिवसांनी येणाऱ्या तापाबद्दल कोणी लिहिलं नाही अजून.

बाळगुटी, म्हापसा

तोच विषय राहिला होता, आणि दाहाच्या दृष्टीने तो सर्वांत बोलका आहे.

या आजाराला पीफापा म्हणतात. १९८७ मध्ये पहिल्यांदा वर्णन झालं. पाच वर्षांआतल्या मुलाला दर तीन ते सहा आठवड्यांनी ३९-४० अंश ताप, तीन ते सहा दिवस. सोबत घसा लाल, तोंडात छोटे छाले, मानेत गाठी. तारीख इतकी ठरलेली की आई आधीच सुट्टी टाकते. ताप असताना सीआरपी अनेकदा १०० च्या वर, मधल्या दिवसांत अगदी सामान्य. घशाची तपासणी नकारात्मक, अँटिबायोटिकने काही फरक नाही. मूल मध्ये उत्तम खातं, वाढतं. हा संसर्ग नाही, रोगप्रतिकार यंत्रणा आपणहून पेटण्याचा आजार आहे.

यात टॉन्सिल काढण्याचा परिणाम खरोखर मोठा असतो. फिनलंडच्या २००७ च्या चाचणीत २६ मुलं होती. शस्त्रक्रिया झालेल्या १४ च्या १४ मुलांना सहा महिन्यांनी ताप येत नव्हता, न झालेल्या १२ पैकी सहांना. २००९ च्या इटलीतल्या चाचणीत ३९ मुलं, निकाल त्याच दिशेचा. आकडे लहान, पण कल स्पष्ट. आणि हेही पाहा, शस्त्रक्रियेविना निम्मी मुलं बरी झाली. दहाव्या वर्षापर्यंत बहुतेकांचं आपोआप थांबतं. म्हणून झटका दर महिन्याला येऊन शाळा बुडत असेल तर शस्त्रक्रिया, विरळ असेल तर झटक्याच्या सुरुवातीला प्रेडनिसोलोनचा एक डोस, १ ते २ मिलिग्रॅम प्रति किलो. ताप काही तासांत उतरतो. काही मुलांत पुढचा झटका लवकर येतो, ते आधीच सांगून ठेवावं.

आपल्याकडे हे निदान घाईने करू नये. पावसाळ्यातल्या प्रत्येक तापात आधी डेंगी आणि मलेरिया वगळायचे. पांढऱ्या पेशी ठरावीक चक्राने घटण्याचा आजारही असाच दिसतो, त्यासाठी सहा आठवडे आठवड्यातून दोनदा रक्तपेशी मोजतात.

ओहोळ, काणकोण

टॉन्सिल गेले तर प्रतिकारशक्तीचं काय? डेन्मार्कच्या अभ्यासात धोका दाखवला होता ना?

श्वासमार्ग, फोंडा

२०१८ चा. सुमारे १२ लाख मुलांच्या राष्ट्रीय नोंदी. नऊ वर्षांआधी टॉन्सिल काढलेल्यांत पुढे वरच्या श्वसनमार्गाचे आजार दोन ते तीन पट दिसले. पण ज्या मुलाला आधीच सतत सर्दी-घसा आहे त्याचेच टॉन्सिल काढले जातात, आणि पुढेही त्यालाच जास्त त्रास होणार. नोंदींतून हा गुंता पुरता सुटत नाही. रक्तातली आयजीए, आयजीजी ही प्रतिपिंडं शस्त्रक्रियेनंतर थोडी उतरतात, पण वयाच्या सामान्य मर्यादेत राहतात. जिभेच्या मुळाशी आणि घशाच्या भिंतीत तशीच लसिका ऊती उरते.

बाळगुटी, म्हापसा

गुंता आहे हे मान्य, पण त्या अभ्यासाला एका वाक्यात बाजूला सारू नये. लहान मुलाचा अवयव काढताना कारण ठोस हवं, एवढं तरी त्याने आपल्याकडून मागून घेतलं आहे.

श्वासमार्ग, फोंडा

ते मान्य. म्हणूनच निकष वर दिले. शिवाय केवळ श्वास अडण्यासाठी करताना टॉन्सिलचं कवच राखून आतला भाग काढण्याची पद्धत आहे. वेदना कमी, रक्तस्राव कमी, थोड्या मुलांत पुन्हा वाढ. वारंवार पू होणाऱ्या टॉन्सिलला किंवा पीफापाला मात्र पूर्णच काढावा लागतो.

आणि ॲडिनॉइड काढण्याआधी पडजीभ दुभंगलेली आहे का ते पाहणं आणि टाळू बोटाने चाचपणं कधीच चुकवू नये. झाकलेली टाळूफट असताना सगळे ॲडिनॉइड काढले तर आवाज नाकातून येतो, पाणी नाकातून बाहेर पडतं, आणि ते दुरुस्त करणं अवघड.

शुद्धीवर, पणजी (भूल)

शस्त्रक्रियेच्या रात्री दाह वाढलेला असतो, कमी नाही. हे पालकांना कोणी सांगत नाही. कापलेल्या जागेची सूज, त्यात थोडं रक्त, त्यात भुलेचा अंमल. ज्याचा श्वास आधीच अडायचा, त्याचा पहिल्या रात्री जास्त अडू शकतो. तीन वर्षांखालचं मूल, झोपेच्या तपासणीत तासाला दहा किंवा जास्त अडथळे, किंवा ऑक्सिजन ८० च्या खाली गेलेला, अशांना त्याच दिवशी घरी सोडू नये. रात्रभर ऑक्सिमीटर लावून ठेवावं. या मुलांना अफूवर्गीय औषधं नेहमीच्या निम्म्या मात्रेपासून, कारण रोजच्या कमी ऑक्सिजनमुळे त्यांची संवेदनशीलता वाढलेली असते.

डेक्सामेथासोन भूल असतानाच शिरेतून एकदा, बहुधा ०.५ मिलिग्रॅम प्रति किलो. सूज, उलट्या, वेदना तिन्ही कमी होतात. अँटिबायोटिक नियमित देण्याची गरज नाही, मार्गदर्शक सूचनाही तेच म्हणतात. कोडीन बारा वर्षांखाली नको. काही मुलांचं यकृत त्याचं मॉर्फिन फार वेगाने बनवतं आणि श्वास मंदावतो.

उपाशी ठेवण्याची वेळ: जेवण आणि दूध सहा तास आधी बंद, आईचं दूध चार तास. साधं पाणी किती वेळ चालेल ते भूलतज्ज्ञाकडून विचारून घ्या, पण सकाळी दहाच्या शस्त्रक्रियेसाठी आदल्या रात्रीपासून पाणीही न देणं हा मुलाचा छळ आहे. हलणारा दात असेल तर आधी सांगा. ताप किंवा छातीत कफ असेल तर निदान दोन आठवडे पुढे ढकला.

रानभेंडी, वाळपई

वेदनेच्या औषधांची मात्रा कोणी नीट लिहील का? वजन १६ किलो धरून.

शुद्धीवर, पणजी

पॅरासिटामॉल १५ मिलिग्रॅम प्रति किलो, दर सहा तासांनी, म्हणजे २४० मिलिग्रॅम. बाटलीवर '५ मिलीत १२०' असेल तर १० मिली. '५ मिलीत २५०' असेल तर ४.८ मिली. दोन्ही बाटल्या घरात एकत्र नकोत, चूक तिथेच होते. आयबुप्रोफेन १० मिलिग्रॅम प्रति किलो, दर आठ तासांनी, १६० मिलिग्रॅम: '५ मिलीत १००' असेल तर ८ मिली, आणि पोटात काहीतरी गेल्यावर. चमचा नको, सिरिंजने मोजा.

दोन्ही औषधं एकाच बाटलीत असलेलं मिश्रण मिळतं, ५ मिलीत आयबुप्रोफेन १०० आणि पॅरासिटामॉल १६२.५. ते देत असाल तर वेगळं पॅरासिटामॉल अजिबात नाही. ८ मिली मिश्रणात २६० मिलिग्रॅम गेलंच आहे, वर २४० दिलं तर एका वेळी ५००, म्हणजे दुप्पट.

पहिले पाच ते सात दिवस घड्याळ लावून द्या, मूल रडायची वाट पाहू नका. दुखलं की गिळत नाही, गिळलं नाही की घसा कोरडा पडतो आणि आणखी दुखतो. ॲस्पिरिन नको. निमेसुलाइडवर बारा वर्षांखाली आपल्या देशात २०११ पासून बंदी आहे. दमा असेल किंवा उलट्या-जुलाबाने पाणी कमी झालं असेल तर आयबुप्रोफेन विचारूनच. आणि गोव्यासाठी महत्त्वाचं: शस्त्रक्रियेनंतर चौथ्या-पाचव्या दिवशी अचानक ३९ चा ताप चढला आणि मोसम डेंगीचा असेल, तर आयबुप्रोफेन थांबवा, फक्त पॅरासिटामॉल, आणि रक्ततपासणी. प्लेटलेट घसरल्या असताना घशातली उघडी जखम धोक्याची.

आटवल, साखळी (आहार)

१६ किलोच्या मुलाला २४ तासांत सुमारे १३०० मिली द्रव लागतं. जागेपणी दर तासाला अर्धा पेला असं धरा. लघवी सहा-आठ तासांतून एकदा तरी झाली पाहिजे.

पेज कोमट, मिठासकट. मऊ आटवल, फोडणी नको. नाचणीचं सत्त्व, शहाळ्याचं पाणी, मणगणं थंड करून, दही-भात. सोलकढी, कोकम सरबत, अननस, टोमॅटो दहा दिवस नको, आंबट जखमेला झोंबतं. मासे हवेत तर काटे पूर्ण काढून, कालवण बिनतिखट. चकली, नेवऱ्या, भाजलेला पाव, काजू दोन आठवडे बंद. आइसक्रीम दिलं तर चालतं, सक्ती नाही. चघळणं सुरू व्हायला हवं, त्यामुळे चौथ्या दिवसापासून नुसत्या द्रवावर ठेवू नका.

कातळफूल, पेडणे

तिसऱ्या दिवशी घशात पांढरं दिसतं, तो पू का?

श्वासमार्ग, फोंडा

नाही. ती जखमेवरची पांढरट-पिवळट खपली, सगळ्यांत येते. तिला वास येतो. कान दुखतो, कारण घशाची आणि कानाची नस एकच आहे. पहिले एक-दोन दिवस ३८ च्या आसपास ताप येऊ शकतो. आवाज दोन-तीन आठवडे नाकातला वाटू शकतो. यातल्या कशालाही अँटिबायोटिक लागत नाही. खपली खरवडू नका.

ती पाचव्या ते दहाव्या दिवशी गळते आणि उशिराचा रक्तस्राव तेव्हाच होतो. साधारण शंभरात एक ते तीन मुलांना. मूल झोपेत सारखं गिळतंय, रक्ताची उलटी झाली, थुंकीत ताजं लाल रक्त आलं, तर घरी थांबायचं नाही. १६ किलोच्या मुलात एकूण रक्त जेमतेम १२०० मिली असतं. दीडशे मिली म्हणजे मोठा हिस्सा, आणि त्यातलं बरंचसं पोटात गेलेलं असतं, दिसत नाही. मुलाला पुढे वाकवून बसवा, थुंकू द्या, आडवं करू नका, काही खायला-प्यायला देऊ नका. १०८ ला फोन. रक्त आपोआप थांबलं तरी इस्पितळात दाखवा, कारण छोट्या रक्तस्रावानंतर काही तासांनी मोठा येऊ शकतो.

ओहोळ, काणकोण

इथून बांबोळीला गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेजच्या इस्पितळात) पोचायला वेळ लागतो. लांबच्यांनी काय करावं?

श्वासमार्ग, फोंडा

दहा दिवस इस्पितळाजवळच्या नातेवाइकांकडे राहता आलं तर उत्तम. नाही जमलं तर जवळच्या जिल्हा किंवा उपजिल्हा इस्पितळात रात्री कान-नाक-घसा डॉक्टर असतात का ते शस्त्रक्रियेआधी विचारून ठेवा, डिस्चार्जचा कागद आणि रक्तगट एका पिशवीत ठेवा. पोहणं, धावपळ, प्रवास दोन आठवडे नाही. तारीख ठरवताना चतुर्थी आणि नरकासुराची रात्र मध्ये येत नाही ना ते पाहा. गर्दी, धूर आणि तळणीचे पदार्थ तिन्ही एकदम येतात. दीन दयाळ स्वास्थ्य सेवा योजनेचं कार्ड असेल तर भरती होण्याआधी खिडकीवर विचारा, नंतर धावपळ होते.

केवडा, डिचोली

तीन महिन्यांनी काय तपासावं ते एका ठिकाणी लिहा, म्हणजे पालकांना दाखवता येईल.

बाळगुटी, म्हापसा

पहाटेचं चित्रण पुन्हा, आधीच्या शेजारी ठेवून. वजन आणि उंची तक्त्यावर. कानामागे द्रव साचला होता तर ऐकण्याची तपासणी. दमा असेल तर इनहेलरच्या वापराची नोंद. पीफापा असेल तर तापाची वही. लठ्ठपणा, डाऊन सिंड्रोम किंवा आधी तीव्र त्रास असेल तर झोपेची तपासणी परत, घोरणं थांबलेलं दिसलं तरी. सीआरपी या यादीत मुद्दाम घातलेला नाही.